बार्शीचे मास्तर आणि उज्जैनची रेषा

चिंचोळी एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही हे कोडे घालून पाहा. पाळी मंगळवारी रात्री अकराला सुरू झाली आणि बुधवारी सकाळी सातला सुटली. मधे रात्री दोन वाजता एक यंत्रमाग बंद पडला. तर तो कोणत्या वारी बंद पडला?

हजेरीचे रजिस्टर म्हणेल मंगळवार, कारण ती पाळी मंगळवारची. ऑफिसातला संगणक म्हणेल बुधवार, कारण रात्रीचे बारा वाजून गेलेले. टॉवेलची ऑर्डर देणारा न्यूयॉर्कचा व्यापारी म्हणेल मंगळवार, आणि तोही भर दुपारचा. उन्हाळ्यात त्याच्याकडे त्या घटकेला साडेचार वाजलेले असतात. आणि घरी आजीच्या पंचांगात? तिथेही मंगळवारच, कारण आपला वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्य उगवल्यावर बदलतो. म्हणजे कारखान्याचे रजिस्टर आणि आजीचे पंचांग एका बाजूला, संगणक दुसऱ्या बाजूला. यातले एकही उत्तर खोटे नाही. खोट प्रश्नातच आहे. वार विचारला, पण कोणत्या गावच्या आणि कोणत्या रीतीच्या घड्याळाने, ते सांगितलेच नाही.

कारखान्यात याने फार तर नोंदीचा घोळ होतो. इतिहासात मात्र अशाच एका प्रश्नावर गुप्त राजांचा काळ दोन-अडीचशे वर्षे मागेपुढे हेलकावे खात होता. तो घोळ सोडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित त्या काळात आपल्याच जिल्ह्यात, बार्शीच्या इंग्रजी शाळेत, सहायक मास्तर होते.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मधला, दापोलीजवळच्या मुरूडचा. महर्षी कर्व्यांचे मुरूड तेच. घरची स्थिती बेताची. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिक्षक होण्यासाठी शिकले, १८७४ साली मॅट्रिक झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. कॉलेजची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पुढची चोवीस वर्षे नोकरी एकच, मास्तरकीची. बदलत गेली ती गावे. रेवदंड्याच्या मराठी शाळेत १८८० पर्यंत, मग ठाण्यात, १८८२ ते १८८९ बार्शीत, नंतर धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेत आणि शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. रेवदंड्याला असताना, तेविशीत, त्यांनी 'विद्यार्थीबुद्धिवर्धिनी' हे पुस्तक काढले. 'सृष्टचमत्कार' १८८२ चे, 'ज्योतिर्विलास' १८९२ चे. या शेवटच्या पुस्तकाला त्यांनी जोडनाव दिले होते 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बार्शीला ते आले तेव्हा आसपास एकाच वेळी तीन घड्याळे चालू होती. पहिले सूर्याचे. गावचा व्यवहार त्यावर. दुसरे मुंबईचे, ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे. तिसरे मद्रासचे, पाच तास एकवीस मिनिटे पुढे, आणि देशातल्या रेल्वे १८७० पासून त्यावर धावत होत्या. बार्शीचा सूर्य मुंबईच्या घड्याळापेक्षा सुमारे बारा मिनिटे पुढे आणि मद्रासच्या अठरा मिनिटे मागे. बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली १८९७ साली, दीक्षित गाव सोडून गेल्यावर. त्यांच्या वेळी गाडी पकडायला बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, गाठावे लागे. सूर्याकडे पाहून अगदी वेळेवर निघालेल्या माणसाची गाडी तिथे अठरा-एकोणीस मिनिटे आधीच सुटलेली असणार. मुंबईत तर यावरून भांडण पेटले होते. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मुंबईवर मद्रासची वेळ लादली, लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला.

दीक्षितांना मात्र या तिन्हींहून जुने एक चौथे घड्याळ ठाऊक होते, आणि त्याची रेषा बार्शीला जवळपास चिकटूनच जाते. सूर्यसिद्धान्तासारख्या आपल्या ज्योतिषग्रंथांत रेखांशाचा शून्य उज्जैनला धरलेला आहे. लंकेपासून उज्जैनवरून उत्तरेला मेरूपर्यंत जाणारी ती मध्यरेषा. उज्जैनचा रेखांश आजच्या मापाने सुमारे ७५.८ अंश पूर्व. बार्शीचा ७५.७. सोलापूरचा ७५.९. या दोहोंच्या मधे, पुणे रस्त्यावर, चिंचोळी. म्हणजे उज्जैनची रेषा नकाशावर खाली ओढत आणली तर ती चिंचोळी एमआयडीसीच्या आसपासच कुठेतरी जिल्हा ओलांडते. तिथल्या मोकळ्या प्लॉटमध्ये दुपारी काठी उभी रोवली, तर तिची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा उज्जैनच्या महाकाळाच्या शिखराचीही सावली सर्वांत आखूड असते. फरक पडलाच तर अर्ध्या मिनिटाच्या आतला. पण त्या वेळी मोबाइलमध्ये बारा वाजलेले नसतात. सरासरीने बारा वाजून सत्तावीस मिनिटे झालेली असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ बारा-दहापर्यंत अलीकडे सरकते आणि फेब्रुवारीच्या मध्याला बारा-एक्केचाळीसपर्यंत पलीकडे जाते. वॉशिंग्टनला ऑक्टोबर १८८४ मध्ये देशोदेशींचे प्रतिनिधी जमून ग्रीनिचला शून्य ठरवत होते, तेव्हा दीक्षित बार्शीत, त्याहून कितीतरी जुन्या शून्याच्या शेजारी, मुले शिकवत होते.

आता दुसरे कोडे. दीक्षितांच्या कामाचा गाभा यातच आहे. मार्चमधल्या विषुवदिनाच्या सुमारास एकादशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी संपते असे धरा. ही वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेने. त्या दिवशी चिंचोळीत काम करणाऱ्या मुलीने उपास करायचा का? आणि तिच्या कोलकात्यातल्या भावाने?

तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून आणखी बारा अंश पुढे जायला लागणारा वेळ. चंद्र एकच, सूर्य एकच, म्हणून तिथी संपण्याचा क्षणही साऱ्या पृथ्वीला एकच. पण दिवसाला तिथीचे नाव मिळते ते सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीवरून, आणि सूर्योदय गावोगाव वेगळा. त्या दिवशी कोलकात्यात सूर्य उगवतो सुमारे पाच-चाळीसला. तेव्हा एकादशी चालू आहे, म्हणून भावाचा दिवस एकादशीचा. चिंचोळीत सूर्य येतो साडेसहाच्या सुमारास. तोवर द्वादशी लागून वीस मिनिटे झाली, म्हणून बहिणीचा तोच दिवस द्वादशीचा. (उपासाच्या शास्त्रार्थाचे बारकावे वेगळे; ते इथे सोडून देतो.) दोघांत पन्नास मिनिटांचे, म्हणजे दीक्षितांच्या त्या दोन घटकांएवढे, अंतर. ते मिनिटांचे अंतर एक अख्खा दिवस होऊन बसले. जी तिथी एकाही सूर्योदयाला सापडत नाही तिचा क्षय, जी दोन सूर्योदयांना सापडते तिची वृद्धी. त्यामुळे एका गावी क्षय झालेली तिथी दुसऱ्या गावी नीट नांदते आहे, असेही घडते.

हे दरवेळी होत नाही. तिथीची सरासरी लांबी तेवीस तास सदतीस मिनिटे. सूर्योदय पन्नास मिनिटे सरकला तर साधारण अठ्ठावीस तिथींमागे एक तिथी अशी कचाट्यात सापडते. पंचांगकर्ते यासाठी देशांतर-संस्कार करत: रेखांशाच्या एका अंशाला दहा पळे, म्हणजे आपली चार मिनिटे. पुण्याचे पंचांग नागपुरात वापरणाऱ्याने हा संस्कार करायचा असतो. किती जण करतात, हे विचारू नका.

हेच कोडे उलटे केले की शिलालेखाचे कोडे होते. तिथी दिली आहे, वार दिला आहे, गाव दिले आहे. साल सांगा.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तिथे बुधगुप्ताच्या काळात मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी उभारलेला विष्णूचा ध्वजस्तंभ आहे. त्यावरच्या लेखात साल १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरले आहे. भारतातल्या लेखांत वाराचा इतका जुना उल्लेख क्वचितच. पण १६५ हे साल कशापासूनचे? गुप्तांचे, हे उघड होते. मात्र गुप्तांचा शक सुरू कधी झाला यावर विद्वानांची चार मते होती. कोणी इसवी सन ७७-७८ म्हणे, कोणी १६६-६७, कोणी १९०-९१, कोणी ३१८-१९. अल्बेरूनीने हा शक शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो असे लिहून ठेवले होते, पण त्याचा अर्थ लावण्यातही मतभेद होते. या चार मतांत एकच लेख तिसऱ्या शतकातही जातो आणि पाचव्या शतकातही. गुप्तांबरोबर त्यांचे समकालीन राजे, त्या काळच्या मूर्ती, देवळे, नाणी, सगळीच हलतात.

सरकारी लेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट त्या वेळी गुप्तांचे लेख एकत्र करत होते. गणिताची बाजू त्यांनी दीक्षितांकडे दिली. दीक्षितांच्या हाताशी होते केरो लक्ष्मण छत्र्यांचे 'ग्रहसाधनाची कोष्टके', म्हणजे मराठीत लिहिलेले कोष्टकांचे पुस्तक. गणकयंत्र नाही, तारायंत्राने विचारायला वेधशाळा नाही. शाळा सुटल्यावर कागद, पेन्सिल आणि छत्र्यांची कोष्टके. आधी त्या वर्षीच्या चंद्राची सरासरी जागा काढायची. मग चंद्र कधी जलद कधी मंद चालतो त्याची दुरुस्ती, सूर्याच्या चालीची दुरुस्ती, आणि शेवटी गावाची दुरुस्ती. एरण उज्जैनच्या पूर्वेला सुमारे अडीच अंश, म्हणून तिथला सूर्योदय नऊ-दहा मिनिटे आधीचा. इतके झाल्यावर सूर्योदयाला कोणती तिथी होती ते कळते, आणि दिवसांची मोजदाद करून वार कळतो.

अल्बेरूनीप्रमाणे शक ३१९-२० मध्ये सुरू झाला असे धरले तर १६५ साल पडते इसवी सन ४८४ मध्ये. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी आली २१ जून ४८४ या दिवशी, जुन्या ज्युलियन तारखेने. वार निघाला गुरुवार.

वार जुळला म्हणजे काम फत्ते, असे दीक्षितांनी आणि फ्लीटनी मानले नाही, आणि मला त्यांचा हा संयम फार मोलाचा वाटतो. वार सातच. कोणतेही चुकीचे साल घेतले तरी सातांत एकदा वार आपोआप जुळणारच. म्हणून एकाच लेखावर न थांबता दुसरा, तिसरा, चौथा लेख तपासायचा, आणि शक्य तर वेगळ्याच घड्याळाने. असे वेगळे घड्याळ परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत होते. त्यांत गुप्त सालांबरोबर गुरू ग्रहाच्या बारा वर्षांच्या चक्रातली नावे दिली आहेत, महावैशाख, महाआश्वयुज अशी. हे नाव कसे ठरत असे, याचा उलगडा दीक्षितांनी केला. सूर्याच्या तेजात लपलेला गुरू पुन्हा पहाटे दिसू लागतो तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल, त्यावरून वर्षाचे नाव. त्या रीतीने मोजल्यावर ताम्रपटांतली नावेही ३१९-२० याच आरंभाशी जुळत गेली. मंदसोरच्या लेखानेही तिसऱ्या बाजूने साक्ष दिली: त्यात पहिल्या कुमारगुप्ताच्या काळात मालव संवत ४९३, म्हणजे इसवी सन ४३६, असा उल्लेख आहे, आणि हे साल कुमारगुप्ताच्या माहीत असलेल्या गुप्त सालांच्या मधोमध बसते. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये कलकत्त्याहून निघाला, त्यात दीक्षितांची गणिते आहेत. शाळकरी मुलांना गुप्त राजांची जी साले पाठ करावी लागतात, त्यांचा पाया हा.

सोलापूरकराला यात आणखी एक गंमत दिसेल. आषाढ शुद्ध द्वादशी म्हणजे पंढरपूरच्या वारीत बारस सोडण्याचा दिवस. बार्शी हे नावच बारशीवरून, म्हणजे द्वादशीवरून आले, असे लोक सांगतात. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा तिथल्या भगवंताच्या देवळाशी जोडलेली आहे. विष्णूच्या खांबावर कोरलेली द्वादशी त्याच गावच्या मास्तरांच्या हाती सुटावी, हा योगायोगच.

पुढे दीक्षितांनी मद्रास इलाख्यातले अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर 'इंडियन कॅलेंडर' हा मोठा ग्रंथ केला. तो १८९६ मध्ये लंडनला छापला गेला. इसवी सन ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतली कोणतीही तिथी इंग्रजी तारखेत बदलण्याची कोष्टके त्यात आहेत. ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांची. मुख्य गणित उज्जैनच्या सूर्योदयाचे. शेवटी गावांची यादी, आणि प्रत्येक गावापुढे उज्जैनपासून अधिक-उणे मिनिटे. लेख कुठे सापडला ते पाहायचे, मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची. एवढे करूनही तिथीचा शेवट सूर्योदयाच्या अगदी लगत आला तर, तो लेख कोरवणारा जोशी कोणत्या सिद्धान्ताने पंचांग करत होता, हेही विचारावे लागते. कारण इथे आपल्या बिनचूक घड्याळाचा उपयोग नसतो. त्याच्या भिंतीवरचे घड्याळ चुकीचे असले तरी आपल्याला तेच हवे असते.

त्याच वर्षी पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून त्यांचा मराठी ग्रंथ आला, 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास'. या विषयावर दक्षिणा प्राइझ कमिटीने बक्षीस लावले होते, त्यासाठी लिहायला घेतलेले हे काम बार्शीच्याच वर्षांतले. वेदकाळापासून स्वतःच्या हयातीतल्या पंचांगकर्त्यांपर्यंत सगळे त्यात आहे. पदवी नसलेल्या मास्तराने मराठीत लिहिलेल्या या ग्रंथाचे हिंदी भाषांतर १९५७ मध्ये झाले आणि इंग्रजी भाषांतर भारत सरकारने १९६९ आणि १९८१ मध्ये दोन भागांत छापले. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे, त्यावरून त्यांनी त्या वर्णनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे काढला. हे मत सर्वांना पटलेले नाही, वाद अजून चालू आहे.

एका बाबतीत मात्र त्यांनी समकालीन पंचांगकर्त्यांचा रोष पत्करला. आपले पंचांग हेच एक मागे पडणारे घड्याळ आहे, असे त्यांचे म्हणणे. मकरसंक्रांत म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळण्याचा दिवस असे आपण मानतो, पण सूर्य खरा वळतो २१-२२ डिसेंबरला आणि तिळगूळ आपण वाटतो १४-१५ जानेवारीला. साठ-सत्तर वर्षांत एक दिवस, असे हे अंतर वाढत चालले आहे. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षितांनी ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला, ते छापूनही काढले. लोकांनी ते उचलले नाही. सणाची तारीख तीन आठवडे अलीकडे आणा म्हणणाऱ्या मास्तराचे कोण ऐकणार? आणि लोकांचेही सगळेच चुकले असे मला वाटत नाही. सण हा शेजाऱ्याबरोबर साजरा करायचा असतो, गणिताबरोबर नाही.

दीक्षित २० एप्रिल १८९८ रोजी वारले. वय पुरते पंचेचाळीसही नव्हते. आठ वर्षांनी, १ जानेवारी १९०६ पासून, ८२.५ अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने आपली वेळ तरीही १९५५ पर्यंत धरून ठेवली. स्वतंत्र भारताने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणेची समिती नेमली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे महिने सायन आहेत, म्हणजे लेले, मोडक आणि दीक्षितांना हवे होते तसे ऋतूंना बांधलेले. सरकारी पंचांगासाठी देशाचा एक मध्यबिंदू लागतो. त्याचा रेखांश घेतला घड्याळाचा, ८२ अंश ३० कला, आणि अक्षांश घेतला उज्जैनचा, २३ अंश ११ कला. त्या पंचांगातला सूर्योदय चिंचोळीसाठी वापरायचा, तर रेखांशापोटी त्यात सत्तावीस मिनिटे मिळवावी लागतात.